दहावं वाक्य

नाना, तुझ्या वहीत माझी नऊच वाक्यं आहेत. आज पुन्हा मोजली. तू दहा मागितली होतीस. तुला जाऊन आज चोविसावा दिवस, आणि या चोवीस दिवसांत मला त्या एका रिकाम्या ओळीइतकं कशानंच छळलेलं नाही. बसलो की ती समोर येते, म्हणून मी बसत नाही. एवढं लिहीपर्यंत दोनदा उठून ओट्यावर जाऊन आलो.

लोकांना तुझ्याबद्दल जे बोलायचं होतं ते बोलून झालं. किती वर्षं मास्तरकी केलीस, हाताखालून किती पोरं गेली, सगळं झालं. त्यातले दोन आकडे चुकीचे होते. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. तू असतास तर म्हणाला असतास, "मोजनीदार, मरेल मानूसनी तरी मोजनी करू नको." माझं काम वेगळं आहे. मला त्या दहाव्या वाक्याबद्दल बोलायचं आहे, आणि ते तुझ्याशीच बोलता येतं.

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी इंग्रजी शिकायला तुझ्याकडे येत होतो, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. नवे साहेब मोजणीच्या कागदांवर लाल शाईनं इंग्रजीत शेरे मारायचे आणि मला ते कारकुनाकडून वाचून घ्यावे लागायचे. कारकून वाचण्याआधी हसायचा. शनिवारी नंदुरबारहून गावी रनाळ्याला यायचं आणि रविवारी सकाळी तुझ्या ओट्यावर पाटी घेऊन बसायचं, असं दोन वर्षं चाललं. तू माझ्याहून सात वर्षांनी मोठा, सख्खा चुलतभाऊ. पण शिकवताना तू मला चारचौघांत कधी चुकीचा म्हणाला नाहीस. कुणी ओट्यासमोरून जाताना दिसलं की तू पावसापाण्याचं बोलायला लागायचास. तेव्हा हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता येतं.

तुझी शिकवण्याची रीत मी दुसऱ्या कुठल्या मास्तराची पाहिली नाही. आठवड्याला एक जोडशब्द. त्याचा अर्थ पाठ करायचा नाही. तो वापरून दहा वाक्यं लिहायची, आणि दहाही खरी. पुस्तकातला राजा नको, नदीकाठचा कोल्हा नको. स्वतःच्या आठवड्यातलं, घडलेलं तेवढंच. 'गिव्ह अप' दिलंस, म्हणजे सोडून देणं. मी पहिलंच वाक्य लिहिलं, मी विडी सोडली. तू पेन्सिल खाली ठेवलीस.

"हाई वाक्य खोटं शे."

"व्याकरण बरोबर शे ना?"

"व्याकरण बरोबर शे. सदराले वास मारस."

ते वाक्य तू पास केलं नाहीस. पाच आठवडे ते तसंच राहिलं. शेवटी मला वही नऊवरच अडून राहिलेली बघवेना, म्हणून विडी सोडली. वैद्यानं सांगून सुटली नव्हती, बायकोनं सांगून सुटली नव्हती. तू त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केलीस.

मग 'पुट ऑफ' आलं. ते तू दिलेलं नव्हतं, साहेबांच्या लाल शाईतून आलं. खापरकडच्या एका वावराच्या हद्दीचं काम माझ्याकडे तुंबलं होतं. फाइलवर शेरा आला. 'डू नॉट' मला येत होतं. पुढचे दोन शब्द येत नव्हते. रविवार उजाडायला पाच दिवस होते, आणि दोन वर्षं शिकलेल्या माणसाला दोन शब्द काय जड, असं मला वाटलं. कोश मागून आणला. एका पानावर 'पुट' सापडलं, ठेवणे. दुसऱ्या पानावर 'ऑफ', दूर. म्हणजे दूर ठेवू नये. फाइल आतल्या खोलीच्या कपाटात होती, माझ्या टेबलापासून एकोणीस पावलांवर. मी ती आणली आणि टेबलावर ठेवली. माझ्या मते हुकमाची तामिली झाली. आठ दिवस ती तिथे होती. साहेब आले, त्यांनी फाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, "जागा बदलली. काम?"

हे तुला सांगितलं तेव्हा ओट्यावर मिरच्या वाळत घातल्या होत्या. तू इतका हसलास की ठसका लागला, आणि ठसका लागला म्हणून आणखी हसलास. आतून वहिनींनी विचारलं, "काय व्हयनं?"

"काही नही. भाऊनं इंग्रजी टेबलवर बठेल शे!"

डोळे पुसून झाल्यावर तू मला समजावलंस, "हाई दोन शब्द गाडीले जुपेल बैल शेतस. येकयेकले सोडीसन वजन करशी, ते गाडी कशी चाली?" दोन्ही मिळून अर्थ एकच, काम पुढच्या दिवसावर ढकलणं. मला वाटलं, संपलं. लांबणीवर टाकणं, एवढंच ना? तू म्हणालास, एवढंच नाही, आणि बोटांवर मोजत सांगितलंस. तुझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

"ज्याले येत नही, त्यानं पुट ऑफ नही. जो इसरी गया, त्यानं बी नही. जो सरय तोंडवर नही म्हनस, त्यानं बी नही. ज्याले येस, ज्याले याद शे, ज्याले करनं बी शे, आनि तरी आज नको म्हनस, त्यानं पुट ऑफ."

मग दहा वाक्यं मागितलीस.

मी लिहायला बसलो आणि ती भराभर आली. विषय असा की माल भरपूर. डावीकडची दाढ काढायचं मी चार महिने पुढे ढकलतो आहे. शहाद्याला दिलेल्या मुलीला पत्र लिहायचं तीन आठवडे. पडवीची कौलं चाळायची, दोन उन्हाळे. तू प्रत्येक वाक्याला विचारत होतास, "कितला दिन?" आणि मी दिवस मोजून सांगत होतो. नऊ झाली. मी पेन्सिल ठेवली.

"धावं?"

"आठवत नही."

"पुट ऑफ म्हंजे इसरनं नही. आत्तेच सांगं ना."

मी मान वळवली. तूही. तुझ्या ओट्यावरून आपलं वावर दिसत नाही, मध्ये चार घरं आहेत. तरी आपण दोघं त्याच बाजूला बघत होतो, हे मला पक्कं माहीत आहे. मग तू वही मिटलीस आणि म्हणालास, "ऱ्हाऊ दे. पुढला आइतवार."

दहावं वाक्य काय होतं, ते आता लिहितो. तुला ठाऊक होतंच. पण आपल्यात ते कधी उच्चारलं गेलं नाही.

तुझं वावर आणि माझं वावर, मधे एक बांध. बांधावर पश्चिमेच्या टोकाला एक बोर होती. मी सतरा वर्षांचा असताना नाल्याचं पाणी पश्चिमेच्या बाजूनं घुसलं आणि बांध वाहून गेला. तुझे वडील, माझे काका, तेव्हा हयात नव्हते, तू धुळ्याला होतास. बांध माझ्या वडिलांनी नव्यानं घातला. मातीच्या पाट्या मी वाहिल्या. वडील म्हणाले, "बोरना मुळ्यासमा माती धरत नही, जरासा सरकीसन घे." मी जरासा सरकून घेतला. पूर्वेचं टोक विहिरीजवळ होतं तिथेच राहिलं, पश्चिमेचं सरकलं. तुझ्या बाजूला. तेव्हापासून बोर बांधावर नाही, माझ्या वावरात आहे.

तू सुटीत आलास तेव्हा पाहिलंस आणि म्हणालास, "काय रे, मन्ही बोर तुन्हा वावरमा कशी गयी?"

मी म्हणालो, "चालत गयी व्हई."

आपण दोघं हसलो. ते हसणं पुढे ठरीव झालं. दरवर्षी बोरं पिकली की तू तेच विचारायचास आणि मी तेच सांगायचो. कधी तू म्हणायचास, औंदा बोर थकेल दिखस, चालनी नही, आठेच बठनी. वडील गेले तरी ते चालू राहिलं. अकरा वर्षांपूर्वी माझी नंदुरबारला मोजणीदार म्हणून बदली झाली, आणि त्या वर्षी तू पहिल्यांदा न हसता म्हणालास, "आते तू साखळी आन एकदाव. दखी लेवू."

मी सांगितलं, मोजणीदारानं स्वतःच्या भाऊबंदांच्या हद्दीची मोजणी करायची नसते, रूल आहे. ते खरं होतं. तू मान डोलावलीस. पण दुसरा मोजणीदार मागवता येतो, अर्ज एका पानाचा असतो, आणि तसे अर्ज मी दुसऱ्यांना शेकड्यानं लिहून दिले आहेत, हेही खरं होतं. ते मी तुला सांगितलं नाही. त्यावरून आपला पुढे एकदा वाद झाला, आठवतं? तू म्हणालास, जमत नाही आणि करत नाही ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मी चिडून उठलो. दोन रविवार आलो नाही.

मी रूलला भीत नव्हतो, नाना. आकड्याला भीत होतो. जन्मभर मी लोकांच्या बांधांवर साखळी टाकली आणि भांडणाऱ्या भावांना सांगितलं, साखळी कुणाची बाजू घेत नाही. तीच साखळी आपल्या बांधावर टाकली तर ती माझ्या वडिलांबद्दल काहीतरी बोलली असती. लोक त्यांना सरळ माणूस म्हणायचे. मीही म्हणतो. एकदा आकडा निघाला की तो परत आत जात नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत?

'पुट ऑफ'च्या पुढच्या रविवारी मी आलो नाही. खापरचं काम आहे असा निरोप पाठवला. खापरचं काम गुरुवारीच संपलं होतं. दिवसभर मी नंदुरबारात खोलीवर बसून होतो. त्यानंतरच्या रविवारी आलो तेव्हा तुला चौथ्या दिवसाचा ताप होता आणि तू माणसं ओळखत नव्हतास. मी उशाशी बसलो. मी ते वाक्य बोललोही, इंग्रजीत आणि मग आपल्या बोलीत. तू ऐकलंस का, हे मला कळायला मार्ग नाही. म्हणून मी ते धरत नाही. तूही धरलं नसतंस.

परवा, बाविसाव्या दिवशी, मी साखळी घेऊन वहिनींकडे गेलो. त्या आत कोपऱ्यात बसल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेरून सांगितलं की दुसऱ्या मोजणीदारासाठी अर्ज दिला आहे, सरकारी मोजणी रीतसर होईल, तेव्हा नोटीस येईल. पण त्याआधी मला स्वतःला आकडा बघायचा आहे. नकाशा करणार नाही, सही करणार नाही. फक्त बघणार. सव्वा महिना झाला की तुम्ही कुणाला तरी पाठवा, कारण मोजताना दोन्ही बाजूंचं माणूस हजर लागतं.

वहिनी उठल्या. मला वाटलं आत जातात. त्यांनी पदर घेतला आणि बाहेर आल्या.

"वहिनी, सव्वा महिना..."

"तुन्हा भाऊ, त्या अकरा वरीस थांबनात. मी सव्वा महिना कसाले थांबू? चाल."

गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. नवरा गेलेली बाई बाविसाव्या दिवशी वावरात निघाली, याची चर्चा अजून चालू आहे. वहिनी कुणाकडे न बघता माझ्या पुढे चालत होत्या. मी मागे साखळी घेऊन.

मी जुन्या मोजणीचं टिपण आणलं होतं, म्हणजे शेताच्या सगळ्या बाजूंचे आकडे लिहिलेला कागद. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा भाग, त्यांना आम्ही आणे म्हणतो. पूर्वेचा दगड विहिरीजवळ जागेवर होता. एक टोक वहिनींच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं. "ढिली सोडू नका," मी म्हणालो. "तू तुन्हं दख," त्या म्हणाल्या. बावीस साखळ्या आम्ही दोघं चाललो. टिपणाची रेघ बोरीच्या बुंध्यातून गेली. तिथून बांधापर्यंतचं अंतर मी तीनदा मोजलं. पाच आणे. दहा फूट पावणेचार इंच. पूर्वेकडे शून्य, पश्चिमेकडे पाच आणे, म्हणजे तिकोनी पट्टा, तीन गुंठे सात आणे. जरासा म्हणजे किती, हे मला एकोणतीस वर्षांनी कळलं.

मी आकडा मोठ्यानं सांगितला. वहिनी म्हणाल्या, "चार पावलं."

"काय?"

"त्यासनी पावलंघाई मोजेल व्हतं. कव्हयनं. चार पावलं म्हनेत."

"मंग बोलनात का नही? मले सरय का नही सांगं?"

"मी बी इचारं. त्या म्हनेत, त्याना बापनं नाव शे, त्याना तोंडमाईन निंघू दे. तू काही बोलू नको."

त्या क्षणी मला तुझा राग आला, नाना. अजून आहे. मला खरी वाक्यं लिहायला लावणारा तू, आणि स्वतः अकरा वर्षं बोरीच्या पायांची थट्टा करत राहिलास. तुलाही येत होतं, यादही होतं, करायचंही होतं. मग तुझं ते काय होतं? तुझ्याच व्याख्येत बसवून बघ. मी तुझ्या बाजूनं उत्तरं शोधतो. तू माझी वाट पाहिलीस, ती माझ्या अब्रूसाठी. किंवा तुला पट्ट्यापेक्षा रविवार महत्त्वाचे वाटले. किंवा तूही आकड्याला भ्यालास, कारण आकडा निघाल्यावर मी ओट्यावर येणं बंद करीन असं तुला वाटलं असेल. यातलं खरं कोणतं? तू असतास तर आपण यावर भांडलो असतो आणि मध्ये वहिनींनी चहा आणला असता.

आणि वडिलांना माहीत होतं का? मुळ्यांचं कारण खरं होतं की नुसतं निमित्त होतं? साखळी ते सांगत नाही. ती पाच आणे सांगते आणि थांबते. मी त्या प्रश्नावर रोज येतो आणि रोज उठून जातो.

वहिनींना मी बांधावरच उभं राहून सांगितलं. इंग्रजीत नाही. म्हटलं, बांध सरकेल शे हाई मले मी सतरा वरीसना व्हतो तव्हयपाशी माहीत व्हतं, पाट्या मीच वाह्यात, आनि अकरा वरीस मी मोजनी टाळी. हातात अजून साखळीचं टोक होतं.

त्यांनी विचारलं, "हाईच का ते धावं?"

तू त्यांना तेही सांगितलं होतंस तर.

"हां."

"मंग वहीमा लिख. सांगीसन काय व्हस? त्यासले लिखेल लागे."

घरी येऊन त्यांनी वही काढून दिली. मी लिहिलं. मोजणी करणं मी अकरा वर्षं पुट ऑफ केलं. इंग्रजीत, एका ओळीत, खाडाखोड न करता. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ओळीवर बोट ठेवून विचारलं, "खरं शे?" अगदी तुझ्यासारखं, पेन्सिल खाली ठेवून विचारल्यासारखं. मी म्हणालो, खरं आहे. त्यांनी वही माझ्यासमोरून ओढून घेतली नाही आणि खूणही केली नाही. म्हणाल्या, "मंग आते बांध सरकाव." मला विडी आठवली. वाक्य लिहून तुझ्याकडे कधीच सुटका नव्हती.

आणि लिहिलं तेव्हापासून ते मला पुरं वाटत नाही. सकाळी वही उघडली तर डोळ्यांना नऊच दिसली. खूण नसलेलं वाक्य मोजायचं कसं? म्हणून वर नऊ लिहिलं आहे. ते खोडत नाही.

सरकारी मोजणी येईल तेव्हा येईल. तिचा कागद होईल, सह्या होतील, तुझ्या बाजूनं वहिनी अंगठा देतील. पण माती उचलायला कागद लागत नाही. कालपासून पश्चिमेच्या टोकाला मी खोदायला घेतलं आहे. बांधाची माती पाटीत भरायची आणि बोरीच्या दोन्ही अंगांनी नेऊन टाकायची. मुळ्यांत माती धरते की नाही, तेही आता कळेल. गडी लावता आले असते. लावले नाहीत. सतरा वर्षांचा असताना मी किती पाट्या वाहिल्या ते मोजलं नव्हतं, तेवढी एकच गोष्ट जन्मात मोजायची राहिली. आता मोजतो आहे. काल एकतीस झाल्या, आज सव्वीस. कंबर धरली म्हणून हे लिहायला बसलो होतो.

बोरीखाली या वर्षीची बोरं पडली आहेत. मी एकही उचललं नाही, त्यातली निम्मी तुझ्या घरची आहेत. वाटणी वहिनी करतील.

दिवस मावळायला अजून तासभर आहे. तेवढ्यात आणखी दहा पाट्या होतात. वही मिटतो आणि तेवढ्या टाकून येतो.